थेट कंपनीतून

वरकुट्यात दत्तोबा तीन. एक भजनातला, एक बोअरच्या गाडीवरचा आणि तिसरा डायरेक्ट दत्तोबा. तिसऱ्याचं घर कुणाला विचारावं लागत नाही. पेरूच्या बागेला लागून पत्र्याची पडवी दिसली आणि आतून "मधनं का बोलतोस रं, म्होरं ये, तोंडावर बोल!" असं ऐकू आलं, की पोचलात म्हणून समजा. डायरेक्ट हा शब्द तो शेवटचा ट गिळून म्हणतो. "आपलं समदं डायरेक! बी डायरेक, खत डायरेक, गिऱ्हाईक डायरेक. मधी कोण न्हाय!" आणि 'कोण न्हाय' म्हणताना उजवा हात असा हवेत फिरवतो, जसा ताटावरची माशी उडवावी.

याची सुरुवात पन्नास वर्षांपूर्वीची. विशीतला दत्तोबा पहिल्यांदा टोमॅटोच्या पाट्या घेऊन इंदापूरच्या बाजारात गेला. अडत्यानं आणि व्यापाऱ्यानं एकाच रुमालाखाली हात घातले, बोटं दाबली, सोडली, पुन्हा दाबली. बोटांच्या दाबावर भाव. दोघांपैकी एकानं हात काढून घेतला, की सौदा मोडला. दत्तोबा शेजारी उभा होता. माल त्याचा, खुरपून खुरपून वाकलेली पाठ त्याच्या आईची, आणि भाव परक्या दोघांच्या मुठीत. तो घरी आला आणि बापाला म्हणाला, "तात्या, मला मधला माणूस नको."

आणि त्याच वर्षी त्याचं लग्न ठरलं ते अडत्याच्याच पोरीशी. बनाबाई गाळ्यात, गोणपाटावर वाढलेली. रुमालाखालची बोटं तिला बाराखडीच्या आधी यायची. लग्नानंतरची पहिली दोन-तीन वर्षं सासू-सासऱ्यांसमोर नवऱ्याशी बोलायची सोय नव्हती, तेव्हा ताट वाढता वाढता पदराखालून ती दत्तोबाची बोटं दाबायची. दोन बोटं म्हणजे 'गप बसा'. चार म्हणजे 'भाकरी आणखी हाय'. सगळी मूठ दाबली, की दत्तोबाचा घास घशात अडकायचा आणि आई विचारायची, "ठसका का लागला रं?" हे मधल्या माणसाशिवायचं बोलणं दत्तोबाला जन्मभर पुरलं असतं.

पण बनाबाईच्या भावानं, संभाजीनं, बापाचा गाळा पुढं चालवला. शांत गडी. मेहुणा कितीही टाकून बोलला तरी "दाजी, तुमचं खरं हाय" म्हणायचा. दत्तोबानं एके साली पेरू गाळ्यावर न टाकता थेट पुण्याला सोसायट्यांच्या फाटकावर नेले. पुढच्या साली शेजारच्या गेणबाला नेलं. त्याच्या पुढच्या साली निम्मं गाव त्याच्या टेंपोत. गाळ्याला कुलूप लागलं आणि संभाजी बारामती एमआयडीसीत एका कंपनीच्या फाटकावर शिट्टी घेऊन उभा राहिला. दाजींची मोटरसायकल तिथनं गेली, की सॅल्यूट ठोकायचा, हसून. तीन उन्हाळे उभा होता. चौथ्यात उन्हातच पडला तो उठला नाही.

दहाव्याला घाटावर कावळा शिवायची वाट बघत सगळे बसलेले. दत्तोबा म्हणाला, "बना, पाणी दी जरा." बनाबाईनं नव्या सुनेकडं तोंड फिरवलं. "सोनल, तुझ्या मामांस्नी म्हणावं, घागर तुमच्या डाव्या हाताला हाय. आन् म्हणावं, तुमाला मधला माणूस नको आसतुया न्हवं? माझ्या भावाला काढलासा मधनं. आता तुमच्या-माझ्या मधी माणूस ऱ्हाईल. मरंस्तवर."

याला नऊ वर्षं झाली.

सोनल बावड्याची, कान तिखट आणि जीभ मऊ. निरोप पोचवताना ती त्यातला खडा काढून ठेवायची. दोघं एका पंगतीत, दोन हातांवर बसलेले.

"सोनल, आत्याला इचार, आमटीत मीठ टाकायला मुहूर्त बघायचा हाय का?"

"सोनल, मामांस्नी म्हणावं, जिभंला चवच ऱ्हायली न्हाय, मिठानं काय व्हनार."

"मामा," सोनल म्हणायची, "आत्या म्हणत्यात, वाईच मीठ वाढते."

दिग्विजय, तिचा नवरा, दूध डेअरीतल्या शिफ्टवरनं आलेला असायचा. तो ताटात बघून हसायचा. गेणबा तर पडवीत येऊन मुद्दाम म्हणायचा, "सगळं डायरेक, आन् बायकोच तेवढी एजंटामार्फत व्हय रं?" दत्तोबा त्याला शेंगदाणे फेकून मारायचा. पण रोज संध्याकाळी मोटार बंद करून येताना त्याच्या मनात एकच हिशेब असायचा. आज तरी एक शब्द. शिवी चालंल. पण ह्या तोंडातनं ह्या कानात.

मग बनाबाईच्या सांध्यांनी दगा दिला. आधी गुडघे, मग बोटं. सकाळी मूठ वळेना. चहाची बशी दोन्ही मनगटांत धरून प्यायची. बारामतीच्या डॉक्टरांनी सांध्याच्या गोळ्या दिल्या, बीपीच्या दिल्या, आणि शेजारच्या निसर्गोपचार केंद्रात थोडं शेकून बघा म्हणाले. तिथं लाकडी खोली होती, आत फळीचं बाकडं आणि कोपऱ्यात विजेच्या शेगडीवर तापलेले दगड. सौना. तिथल्या मनिषानं आधी बीपी मोजलं. बोलणं अगदी शाळेतल्या बाईंसारखं, प्रत्येक वाक्याला शेपूट. "आजी, दहाच मिनिटं हं! मी दाराशीच आहे हं! आणि बोलत राहायचं हं आजी, गप्प नाही बसायचं! गप्प बसलात की मी लगेच दार उघडणार हं!"

दत्तोबा बाहेर बाकावर बसला होता. आणि आतून बनाबाई बोलत होती. माहेरच्या गाळ्याचं, गोणपाटाच्या वासाचं, संभाजीला लहानपणी विंचू चावला त्याचं. त्या परक्या पोरीशी, हसून, धबधब्यासारखं. नऊ वर्षांत दत्तोबानं तो आवाज एवढा सलग ऐकला नव्हता. बाहेर आली तेव्हा तोंड लाल, कपाळावर घाम, आणि तिनं सगळ्यांदेखत उजव्या हाताची मूठ वळून दाखवली. सोनलला दाखवली.

घरी येताना वरकुट्याच्या फाट्यावर दत्तोबा म्हणाला, "ही खोलीच घरी आणायची."

आधी दिग्विजय त्याला बारामतीतल्या एका डीलरकडं घेऊन गेला. रणजित नाव, सदऱ्याच्या खिशाला दोन पेनं. त्यानं भाव सांगितला आणि दत्तोबाच्या भुवया टोपीत गेल्या.

"एवढं? लाकडाचं की सोन्याचं?"

"काका, नुसती खोली असती तर मीही निम्म्यात दिली असती," रणजित म्हणाला. "ह्यात माझा माणूस आहे. तो येणार, वायरिंग बघणार, दार बसवणार. टायमर लावणार, म्हणजे वेळ झाली की आपोआप बंद. उष्णता वाढली की आपोआप बंद. पहिले चार दिवस दाराशी बसून तुम्हाला शिकवणार. तुम्ही खोली घेत नाही, तो माणूस घेताय."

झालं. दुसरं काहीही म्हणाला असता तर चाललं असतं. दत्तोबा उठला, टोपी नीट केली आणि दुकानाबाहेर येऊन थुंकला. "माणूस इकतोय! चल दिग्या. ह्या खोल्या बनत्यात कुठं ते बघ."

बनत होत्या पुण्याच्या अलीकडं एका शेडमध्ये. तिथला ऋषिराज नावाचा पोरगा मराठी बोलायचा, पण जाहिरातीत बोलल्यासारखं. "काका, वेलकम! एकदम डायरेक्ट फॅक्टरी रेट! हे बघा, इम्पोर्टेड वूड, स्मेल घ्या, स्मेल घ्या!" दत्तोबानं वास घेतला. दारावर टिचकी मारली. बाकड्यावर बसून बघितलं. पेरूच्या बागेचं गिऱ्हाईक जसं पेरू दाबून बघतं तसं त्यानं सगळं दाबून बघितलं आणि ऋषिराजला घासाघीस करून घाम फोडला, तोही शेगडी न लावता.

"फक्त काका, एक सांगतो. टायमर, ऑटो कट-ऑफ वगैरे डीलरच्या किटमध्ये येतं. आम्ही देतो ते बेअर युनिट. खोली, हीटर, दगड. कंट्रोल बसवल्याशिवाय वापरू नका, हां? इथं तसं लिहिलंय, इथं सही."

"कट-ऑफला मी हाय की," दत्तोबा म्हणाला. "घड्याळ मनगटावर हाय. हात खटक्यावर हाय. चाळीस वर्षं मोटार चालू-बंद करतुया मी." आणि सही केली, पूर्ण नावानिशी, खाली रेघ ओढून.

खोली टेंपोत निजवून वरकुट्यात आली तेव्हा गाव जमलं. गेणबा म्हणाला, "दत्तोबा, अंडी उबवायची का बेदाणा करायचा?" कुणी म्हणालं, "आरं बाहेर बेचाळीस हाय पारा, फुकट शेकू की!" दत्तोबा कुणाला बधला नाही. पडवीच्या कोपऱ्यात खोली उभी केली. वायर पंपाच्या बोर्डावरनं ओढली, वायरमन नको. दार मात्र नीट बसेना. चौकट बोटभर तिरकी झाली आणि दार आपलं आपणच उघडायला लागलं, ऊब सगळी बाहेर. डीलरचा माणूस असता तर त्यानं चौकट ओळंब्यात घेतली असती. दत्तोबानं गोठ्याच्या दाराची जुनी कडी काढली आणि बाहेरून ठोकली.

"मामा, कडी बाहेरनं?" सोनल म्हणाली.

"मी बाहेर हाय न्हवं!"

आठ दिवस सगळं सुरळीत चाललं, कारण आठही दिवस सोनल दाराशी होती. मनिषाची नक्कल तिला हुबेहूब यायची. "आजी, बोलत ऱ्हायचं हं! गप न्हाय बसायचं हं!" आतून बनाबाई हसायची. मग आतून आवाज यायचा, "सोनल, मामांस्नी म्हणावं, बास." सोनल म्हणायची, "मामा, बास." दत्तोबा खटका पाडायचा. नवव्या दिवशी बनाबाईनं स्वतःच्या हातानं भाकरी थापली. वेडीवाकडी, कडेला चिरा गेलेली, पण तिची. दत्तोबानं ती भाकरी दोन्ही हातांनी धरली आणि वाट बघितली. आता. आता बोलंल.

"सोनल," बनाबाई म्हणाली, "मामांस्नी म्हणावं, खोली बरी आणली."

सोनल आनंदानं वळली. "मामा, आत्या म्हणत्यात—"

"ऐकलं मी!" दत्तोबा खेकसला. "बहिरा न्हाय मी!" आणि भाकरी अर्धी टाकून उठला. त्याला स्वतःलाच कळेना की चांगलं बोलणं एवढं का झोंबलं. सगळ्यांना मधनं काढलं. डीलरला, वायरमनला, घड्याळवाल्या यंत्राला. आणि ही पोरगी तेवढी मधे उभी.

त्या आठवड्याच्या गुरुवारी सोनलच्या चुलत बहिणीचा बावड्यात साखरपुडा होता. सकाळी ती आणि दिग्विजय निघाले. जाताना सोनल दोनदा मागं आली. "मामा, आज ऱ्हाऊ द्या शेकायचं. मी सांजच्याला आले की लावू."

"जा गं तू. लई शहाणी."

अकरा वाजले. घरात दोघंच, आणि दोघांच्या मधे रिकामी पडवी. बनाबाईचे गुडघे सकाळपासून ठणकत होते. ती भिंत धरत धरत आली. वळणीवर सोनलची निळी साडी वाळत होती. बनाबाई त्या साडीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "सोनल, मामांस्नी म्हणावं, खोली लावा."

दत्तोबाला हसू आलं. साडीला सांगती! पण खटका लावला. दगड तापले. बनाबाई आत गेली, त्यानं कडी घातली, घड्याळ बघितलं आणि दाराशी पाट घेऊन बसला.

"बोलत ऱ्हा," तो म्हणाला. मनिषासारखं 'हं' त्याच्या तोंडात येईना.

आत शांत. मग थोड्या वेळानं: "सोनल, मामांस्नी म्हणावं, बास."

घड्याळात आठ मिनिटं झाली होती. दत्तोबाचा हात खटक्यावर गेला. आणि थांबला. घरात कुणी नव्हतं. साडी होती आणि तो होता. नऊ वर्षांत पहिल्यांदा मधे कुणीच नव्हतं.

"सोनल हितं न्हाय," तो दाराला म्हणाला. "काय आसंल ते मला सांग."

आत बाकडं करकरलं.

"सोनल, म्हणावं, बास झालं. जीव घाबरा व्हतुया."

"कुणाला सांगतीस? मला सांग की. 'अवो, दार काढा' म्हण. दोन शब्द. लगीच काढतो."

आवाज रागाचा नव्हता त्याचा. आवाज लाडाचा होता, पदराखालची बोटं आठवणाऱ्या माणसाचा. त्याला वाटत होतं हा खेळ आहे आणि तो जिंकत आलाय. दारावर आतून एकदा थाप पडली, पोकळ, हलकी. मग सरकल्यासारखं काही. मग काही नाही.

'बसली रुसून,' दत्तोबाला वाटलं. तिचं रुसणं त्याच्या सवयीचं होतं. नऊ वर्षांचं रुसणं त्यानं सोसलं होतं, आणखी थोडं काय. त्यानं घड्याळाकडं बघितलंच नाही. तो म्हणत राहिला, "म्हण की. म्हण की गं." गप्प बसलात की मी लगेच दार उघडणार हं, असं एक पोरगी बारामतीत म्हणाली होती. ते त्याला आठवलं तेव्हा बराच वेळ गेला होता. कडी तापलेली. बोटं भाजली. दार उघडलं आणि आतली झळ तोंडावर आली, त्या झळीत बनाबाई दाराला टेकून बसलेली होती ती तशीच बाहेर त्याच्या पायांवर आली.

"बना! ए बना!" तो ओरडला. गेणबा कुंपणावरून धावत आला.

बारामतीच्या दवाखान्यात तिला सतरा दिवस ठेवलं. जगली. डॉक्टर म्हणाले, उष्णतेनं मेंदूला मार बसलाय, उजवी बाजू गेलीय, वाचा परत येईल असं आत्ता सांगता येत नाही. मग म्हणाले, "काका, किती वेळ होत्या आत? आवाज दिला नाही का त्यांनी?"

दत्तोबानं टोपी हातात घेतली होती. "न्हाय," तो म्हणाला. "मला काय ऐकू आलं न्हाय."

सोनल शेजारीच उभी होती. तिनं त्याच्याकडं बघितलं. तिखट कानाच्या माणसाला खोटंही ऐकू येतं. 'बहिरा न्हाय मी' हे याच माणसाचं वाक्य तिनं थोड्याच दिवसांपूर्वी ऐकलं होतं.

आता बनाबाई पडवीत, खाटेवर. अंगावर गोधडी. खोली दिग्विजयनं मोडून मागच्या बाजूला टाकली. फळ्यांवर कोंबड्या बसतात. दत्तोबा दिवसभर खाटेशी असतो आणि बोलतो. थेट बोलतो. पेरूला बहर कसा आलाय, गेणबाची म्हैस कशी अडली, आज आमटी खारट झाली. बनाबाई पत्र्याकडं बघत असते. डोळे हलतात, डावा हात थोडा हलतो.

एका दुपारी त्यानं सोनलला हाक मारली. "सोनल, आत्या काय म्हणती गं? तुला कळतं तिचं. मला वाटतं काय तरी सांगायचं हाय तिला."

सोनल तांदूळ निवडत होती. नऊ वर्षं हिनं खडे काढले. आत्ताही काढता आले असते. 'आत्या म्हणत्यात, तुमची काय चूक न्हाय' एवढं म्हटलं असतं तर म्हातारा त्या रात्री झोपला असता. तिनं सूप खाली ठेवलं.

"मला न्हाय ठावं, मामा. तुमीच इचारा." आणि ती सूप उचलून आत गेली.

पडवीत दोघं उरले. मग दत्तोबानं गोधडीखाली हात घातला. बनाबाईचा डावा हात सापडला. हाडकुळा, गार. त्यानं आपली बोटं तिच्या बोटांत ठेवली, जशी त्या बाजारात त्या दोघांनी ठेवली होती, जशी तिनं ठेवली होती आईच्या नजरेआड.

"बना," तो म्हणाला. तोंड तिच्या कानाशी नेलं. "मला ऐकू आलं हुतं. पयल्या हाकंलाच ऐकू आलं हुतं."

त्याची बोटं तशीच थांबली. दोन दाब चालले असते. एक चालला असता. बनाबाईचे डोळे पत्र्यावरून खाली आले आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा सरळ त्याच्या डोळ्यांत थांबले. गोधडीखाली तिचा हात हलला. हळूहळू, एकेक बोट सोडवत, लई कष्टानं, तिनं तो त्याच्या हातातून काढून घेतला.